आमच्या हायस्कूलचे क्लब: दोन वर्षांचा अनुभव, पाचपैकी साडेतीन स्टार

मुलगी आठवीत असताना आम्ही या छोट्या गावात राहायला आलो, आता तिची नववी संपतेय, म्हणजे शाळेतले क्लब पालक म्हणून दोन पूर्ण वर्षं अगदी जवळून बघितलेत. शाळेचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये कारण खाली तक्रारी पण आहेत, आणि छोट्या गावातल्या कुठल्याही शाळेत मूल घालायचा विचार करत असाल तर नावापेक्षा काय विचारायचं ते कळणं जास्त कामाचं आहे.

आधी चांगलं सांगते. छोटी शाळा म्हणजे संधी कमी, असंच मलाही वाटायचं, पण इथं झालं उलटंच. मुलं इतकी कमी की निवड चाचणी वगैरे भानगडच नाही, जो येईल त्याला काम मिळतं, आणि नुसतं बसून राहायचं काम नाही, खरं काम. आधीच्या मोठ्या शाळेत माझी मुलगी नाटकात पडद्यामागे उभी असायची, इथं पहिल्याच महिन्यात तिच्याकडे आकाश निरीक्षण क्लबची नोंदवही आली. रॉजर बार्कर आणि पॉल गंप या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी कॅन्ससमधल्या लहान-मोठ्या हायस्कूलचा अभ्यास करून १९६४ मध्ये हेच मांडलं होतं, की मोठ्या शाळेत उपक्रमांचे प्रकार जास्त असतात खरे पण जबाबदारीची जागा लहान शाळेतल्या मुलांच्या वाट्याला जास्त येते. कारण साधं आहे, माणसं कमी आणि कामं तेवढीच, मग लाजरं मूल असलं तरी त्याच्यावाचून अडतं, आणि आपल्यावाचून अडतंय हे कळलं की मूल बदलतं. हे मी घरात बघितलंय.

आता मुख्य तक्रार, बस. पहिल्या वर्षी सगळे क्लब शाळा सुटल्यावर भरायचे. शाळेत येणारी जवळपास निम्मी मुलं आजूबाजूच्या वस्त्यांवरून बसने येतात आणि बस शाळा सुटल्यावर पंधरा मिनिटांत निघते. म्हणजे कागदावर क्लब सगळ्यांसाठी, प्रत्यक्षात ज्यांची घरं चालत जाण्याच्या अंतरावर आहेत त्यांच्यासाठी. मुलीची बाकावरची मैत्रीण रोज दप्तर पाठीला लावून खिडकीतून दोन मिनिटं आत बघायची आणि मग बसकडे पळत सुटायची, हे ऐकून मला इतकं वाईट वाटलं की मी पालक सभेत उठून बोलले, नंतर अजून चार-पाच पालक बोलले, आणि दुसऱ्या वर्षी मुख्याध्यापक मॅडमनी बुधवारचा शेवटचा तास सगळ्या शाळेला क्लबसाठी दिला. चाळीसच मिनिटं आहेत पण सगळ्यांना आहेत. त्यांनी ऐकून घेतलं आणि वेळापत्रक खरंच बदललं याचे मार्क मी पूर्ण देते.

त्यावर सगळे म्हणाले की बाकी ठीक आहे पण आकाश निरीक्षण क्लब दिवसा करणार काय? हाच क्लब मला सगळ्यात जास्त आवडलाय म्हणून जरा सविस्तर लिहिते. शाळेकडे सहा इंची डॉबसोनियन टेलिस्कोप आहे, म्हणजे १५० मिलिमीटरचा आरसा, १२०० मिलिमीटर फोकल लेंथ (आरशापासून चित्र जुळून येतं तिथपर्यंतचं अंतर), खाली लाकडी फिरता स्टँड, मोटर नाही की बॅटरी नाही. २५ मिलिमीटरचा आयपीस, म्हणजे डोळा लावायचं भिंग, लावला की ४८ पट मोठं दिसतं, १० चा लावला की १२० पट. माझं मत विचाराल तर शाळेसाठी हाच प्रकार घ्यावा, कॉम्प्युटरवाला घेऊ नये, कारण यात मुलांना स्वतःच्या हाताने शोधावं लागतं. १२० पटीला ग्रह दीड-एक मिनिटात दिसण्याच्या बाहेर सरकतो, सारखी नळी हलवावी लागते, त्यात चित्र उलटं दिसतं त्यामुळे सुरुवातीला सगळी मुलं चुकीच्या बाजूला ढकलतात. पण पृथ्वी फिरते म्हणजे काय हे पुस्तकात दहा वेळा वाचून जे होत नाही ते त्या दीड मिनिटात होतं.

तर दिवसाचा प्रश्न या क्लबच्या सरांनी असा सोडवला की शुक्ल पक्षातली अष्टमी जवळ आली की टेलिस्कोप बाहेर काढायचा. अर्धा चंद्र दुपारी बाराच्या सुमारास उगवतो, त्यामुळे शाळा सुटायच्या वेळेला तो पूर्वेकडे चांगला वर आलेला असतो, निळ्या आकाशात फिकट पांढरा. सूर्य तेव्हा त्याच्यापासून साधारण ९० अंशांवर असतो म्हणून टेलिस्कोप इमारतीच्या सावलीत अशा जागी लावायचा की नळी फिरवली तरी सूर्याकडे जाऊच शकणार नाही, आणि तिथं एक मोठं माणूस हलायचं नाही, हा नियम सर फार कडक पाळतात आणि तो पाळायलाच हवा, डोळा क्षणात जाऊ शकतो. मी त्या दिवशी मदतीला गेले होते. ती बसवाली मैत्रीण आयपीसला डोळा लावून बराच वेळ काही बोललीच नाही, मग म्हणाली, "सर, याला खड्डे आहेत, आणि त्या खड्ड्यांची सावली पण पडलीय." मागे रांग लागलेली, तरी सरांनी तिला घाई केली नाही. नंतर तिने नोंदवहीत त्या सावल्यांचं चित्र काढलं आणि बस पण गाठली.

रात्रीचं निरीक्षण महिन्यातून एकदा असतं, पालकांनी आणायचं-सोडायचं. गाव छोटं असल्याने आकाश काळंभोर मिळतं, शहरातल्या शाळेला हे कितीही खर्च केला तरी मिळणार नाही. गुरूचे चार चंद्र मुलांनी सलग दोन रात्री काढले, दुसऱ्या दिवशी ठिपक्यांच्या जागा बदललेल्या, आणि गॅलिलिओने १६१० च्या जानेवारीत असंच कागदावर काढलं होतं हे सरांनी त्यानंतर सांगितलं, आधी नाही. शिकवायची ही पद्धत मला मनापासून पटली.

बुद्धिबळ क्लब मस्त चाललाय, त्यात लिहिण्यासारखं फार नाही, दहावीचा एक मुलगा तो चालवतो, हात लावलेली सोंगटी हलवायचीच आणि ज्या हाताने चाल केली त्याच हाताने घड्याळ दाबायचं हे नियम सहावीतली मुलं पण पाळतात. घड्याळ एकच आहे, अजून दोन हवीत.

डिबेट क्लबने मात्र निराशा केली. तिथले सर भाषण लिहून देतात, चार ठरलेली मुलं पाठ करतात, झालं. जागतिक शालेय डिबेट स्पर्धा १९८८ पासून होतायत, तिथं प्रत्येक बाजूचे तीन वक्ते आठ-आठ मिनिटं बोलतात आणि पहिलं आणि शेवटचं मिनिट सोडून मध्ये कधीही समोरचा उठून प्रश्न विचारू शकतो, म्हणजे पाठांतर तिथं चालतच नाही. आपल्या मुलांना तीन-तीन मिनिटं द्या, पण प्रश्न विचारू द्या, एवढीच माझी विनंती आहे, आणि मी ती लेखी दिलीय.

रोबोटिक्सचं दुखणं वेगळं. मायक्रोबिटचे, म्हणजे प्रोग्रॅमिंग शिकायच्या छोट्या कॉम्प्युटरचे, दहा बोर्ड आहेत, छान वस्तू आहे ती, तळहातापेक्षा लहान, २५ एलईडी, दोन बटणं, हलवलेलं कळणारा सेन्सर. पण ते कपाटात, कपाटाची चावी एकाच मॅडमकडे, आणि मॅडमची बदली झाल्यावर क्लब पाच महिने बंद. मुलं तरी थांबली नाहीत, मेककोड या प्रोग्रॅम लिहायच्या साइटवर ब्राउझरमध्येच सिम्युलेटर, म्हणजे पडद्यावरचा नकली बोर्ड आहे, तिथं प्रोग्रॅम चालवून बघत बसली, पण स्वतः केलेली गोष्ट हातात लुकलुकताना बघणं ते वेगळंच ना. छोट्या शाळेत एक शिक्षक गेला की अख्खा क्लब जातो, म्हणून दुसरी चावी आणि दुसरा माणूस पहिल्या दिवसापासून ठरलेला पाहिजे. टेलिस्कोपचं बघा, आरसे जुळवायला मधोमध भोक पाडलेलं झाकण लावून कसं बघायचं हे चार मुलांना येतं, सर रजेवर असले तरी काम अडत नाही.

अर्धा स्टार डिबेटसाठी कापला आणि एक त्या पाच महिन्यांसाठी. प्रवेश घ्यायच्या आधी शाळा बघायला जाणार असाल तर बुधवारी शेवटच्या तासाला जा, आणि बसने येणारी मुलं कुठल्या क्लबात आहेत ते त्या मुलांनाच विचारा.