ऐरोलीतला काकूंचा मुलींचा पीजी: पहिली नोकरी लागलेल्यांसाठी रिव्ह्यू (5 पैकी 4)

इंजिनिअरिंग संपलं, ऑफर लेटर आलं आणि घरात पहिला प्रश्न तोच, पोरगी राहणार कुठे. मी इस्लामपूरची आणि ऑफिस नवी मुंबईत, ऐरोलीला माईंडस्पेस आयटी पार्कमध्ये. आता आमच्या कॉलेजच्या ज्युनियर्स याच चक्रात आहेत म्हणून जरा सविस्तर लिहितेय. पीजीचं नाव आणि सेक्टर नाही लिहीत, काकूंनी नको म्हटलंय, पण स्टेशनच्या पश्चिमेला आहे आणि चालत पंधरा मिनिटांच्या आत पोचता एवढं सांगते.

माझी आत्या डोंबिवलीला असते. तिचं म्हणणं, अगं आपलं हक्काचं घर असताना दुसरीकडे भाडं कशाला भरायचं, आणि तिच्या मायेने म्हणण्यात काही चूक नव्हती. पण डोंबिवलीहून सकाळी ठाण्याला यायचं, तिथे पूल चढून 9-10 नंबरच्या प्लॅटफॉर्मवर जायचं, मग ट्रान्स हार्बर (ठाण्याहून नवी मुंबईकडे जाणारी लोकल) पकडायची, आणि संध्याकाळी तेच उलटं. डोंबिवलीची सकाळची फास्ट ज्यांनी बघितलीय त्यांना वेगळं सांगायला नको. कळवा-ऐरोली रेल्वे लिंकचं आम्ही सगळे ऐकून आहोत, 2024 च्या जानेवारीत त्यातलं दिघा गाव स्टेशन सुरू झालं, पण कल्याण-डोंबिवलीकडून ठाणे न करता थेट इकडे येणारी गाडी अजून नाहीये. त्या भरवशावर घर ठरवू नका. मी आत्याकडे शनिवार-रविवार जाते आणि तिलाही ते पटलंय.

बाकीच्या जागाही बघितल्या. घोडबंदर रोडला कासारवडवलीत मैत्रिणींनी टूबीएचके बघितला होता, टॉवर मस्त, खाली जिम, गार्डन, सगळं, पण जवळ रेल्वे स्टेशन नाही आणि रस्त्याला मेट्रोचं काम आणि ट्रॅफिक, ठाणे स्टेशनलाच पोचायला किती वेळ लागेल याचा नेम नाही. विटावा स्वस्त पडतं पण पावसाळ्यात रेल्वेपुलाखाली पाणी साचतं. घणसोली गावात वन आरके भाडं कमी, फक्त बिल्डिंगी इतक्या चिकटून आहेत की भर दुपारी लाईट लावायला लागते. खारघर मला खरंच आवडलं होतं, मोकळं, कॉलेजची पोरं भरपूर, ठाण्याकडे थेट गाडीही आहे, पण तिकडून ऐरोली म्हणजे रोजचा मोठा प्रवास. शिफ्ट रात्री दहाला सुटली तर मी कुठल्या स्टेशनला उतरणार आणि तिथून घरापर्यंत रस्त्यावर माणसं असणार का, मी तरी आधी हेच बघितलं, भाडं नंतर. ऐरोलीत त्या वेळेला स्टेशनबाहेर शेअर रिक्षा असते, भाजीवाले आवरत असतात, रस्ता जागा असतो.

आता पीजीबद्दल. काकू ऐरोली गावातल्याच, आगरी. सासऱ्यांची शेती सिडकोने नवी मुंबई उभारताना घेतली, मग साडेबारा टक्के योजनेत (जमीन गेलेल्यांना तिच्या तेवढ्या हिश्श्याचा प्लॉट परत देतात) प्लॉट मिळाला, त्यावर ही बिल्डिंग. खाली त्या स्वतः राहतात, वरच्या दोन मजल्यांवर मुली. तिघींची खोली, जेवणासकट मला 9,500 पडतात, डिपॉझिट एका महिन्याचं. लाईट बिल मजल्याच्या मीटरप्रमाणे वाटून आणि मीटरचा फोटो काकू स्वतः ग्रुपवर टाकतात, त्यामुळे कधी वाद नाही.

जेवण हे या जागेचं सगळ्यात मोठं कारण. रोजचं साधंच, एक सुकी भाजी, एक पातळ, पोळी, भात, आमटी, आणि उशीर होणार असेल तर ताट झाकून ठेवतात, त्यावर नावाची चिठ्ठी. पण रविवारी सकाळी तांदळाची भाकरी असते, ती किचनमध्ये जाऊन बघाच. तांदळाच्या पिठाची उकड काढतात, ती परातीत गरम असतानाच मळतात, आपला तर हात लागणार नाही इतकी गरम, मग पाण्याचा हात लावत थापायची आणि तव्यावर टाकली की वरून पाणी फिरवायचं. मी ज्वारीच्या भाकरीवर वाढलेली, पहिल्यांदा वाटलं हे काय पांढरं फटक, आता सोबत कोलंबीचं कालवण असेल तर तीन खाते. श्रावणात वालाचं बिरडं. शाकाहारी मुलींना रविवारी वेगळी भाजी असते, आणि भांडी पण वेगळी ठेवलीयत, कोणी न सांगता.

दुसरं म्हणजे कागद. हे पोरींनो नीट वाचा कारण आपण घरून पहिल्यांदा बाहेर पडतो तेव्हा याकडे कोणी बघत नाही. काकूंनी 11 महिन्यांचा लीव्ह अँड लायसन्स करार रजिस्टर करून दिला. एजंट थंब मशीन घेऊन घरीच आला, आधार लिंक असेल तर अर्ध्या तासात काम होतं. स्टॅम्प ड्युटी एकूण भाड्याच्या 0.25 टक्के (डिपॉझिटवर वर्षाला 10 टक्के व्याज धरून तेही त्यात येतं) आणि पालिका हद्दीत रजिस्ट्रेशन फी 1,000 रुपये, आम्ही अर्धे अर्धे केले. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999, कलम 55, करार लेखी आणि नोंदणीकृत करायची जबाबदारी मालकाची आहे, नाही केला तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 पर्यंत दंड होऊ शकतो, आणि अटींवरून वाद झाला तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरूचं म्हणणं खरं धरतात. माझी एक रूममेट आधी दुसऱ्या एका पीजीत होती, तिथे सगळं तोंडी, सोडताना "पेंटिंगचा खर्च" म्हणून अख्खं डिपॉझिट ठेवून घेतलं, कुठे दाद मागायची तर हातात साधी पावती नाही. पोलीस व्हेरिफिकेशनचा फॉर्म पण काकूंनी पहिल्याच आठवड्यात भरून घेतला. बँकेचा पत्ता बदलायला हाच करार चालला.

एक स्टार का कापला तर पावसाळा. वरच्या मजल्याची पश्चिमेची भिंत ओल धरते, माझं कपाट त्याच भिंतीला होतं, जुलैमध्ये सुती ड्रेसांना बुरशीचा वास यायला लागला. काकूंनी पत्र्याची शेड टाकून घेतली पण ओल पूर्ण गेलेली नाही, खोली घेताना रस्त्याकडची मागा. खाडी जवळ असल्यामुळे डासही भरपूर, जाळी आहे तरी. सकाळी साडेसात ते नऊ बाथरूमला रांग, दोनच आहेत आणि आम्ही नऊ जणी. गेट अकराला बंद, शिफ्ट असेल तर कंपनीचा मेल दाखवून चावी मिळते. वायफाय वरच्या मजल्यावर रडतं, वर्क फ्रॉम होम असेल तर स्वतःचा डेटा ठेवा.

आई दोन दिवस राहायला आली होती, आधी सांगितलं तर आईला राहता येतं, जेवणाचे काही घेत नाहीत. थंडीत तिला ऐरोलीच्या जैवविविधता केंद्रात नेलं, तिथून बोटीने खाडीत फ्लेमिंगो दाखवतात, भरती-ओहोटीप्रमाणे वेळ ठरते म्हणून बुकिंग करून जा. त्या रात्री आई काकूंच्या किचनमध्ये बसून भाकरीच शिकत होती, आणि जाताना मला म्हणाली आता मला झोप लागेल.

ज्यांचं ऑफिस ऐरोली, रबाळे किंवा घणसोलीला आहे त्यांनी बिनधास्त बघा. ऑफिस बीकेसी किंवा अंधेरीकडे असेल तर इथे राहू नका, जीव जाईल. जून-जुलैला नवीन बॅच जॉईन होतात तेव्हा एकही बेड मिळत नाही, त्यामुळे जॉइनिंग डेट आली की लगेच येऊन खोली बघून जा, आणि जमलं तर आई-वडिलांपैकी कोणाला तरी सोबत आणा, काकूंना आवडतं, चहा घेतल्याशिवाय सोडत नाहीत.