आर्क्टिक डेटा पोर्टल्स: बऱ्याच महिन्यांच्या वापरानंतर

एका शोधनिबंधाच्या शेवटी दिलेली डेटाची लिंक उघडली, तर तिने थेट संस्थेच्या होमपेजवर नेऊन सोडलं. साइट नवी झाली आणि जुने पत्ते सगळे गेले. हेल्पडेस्कला मेल केला, उत्तर आलं, ‘कृपया नवीन सर्च वापरा.’ नवीन सर्चमध्ये तो डेटासेट नाहीच. निबंधाच्या लेखकांना मेल केला, तो पत्ता बंद म्हणून परत आला. संस्थेचं नाव घेत नाही, कारण असं करणारी ती एकटी नाही. पण हे लिहायला बसले ती त्या चिडीतूनच.

माझं काम अलास्काच्या उत्तर किनाऱ्याबद्दल आहे. समुद्रावरचं बर्फ वर्षातून किती काळ टिकतं आणि किनाऱ्याच्या आतली गोठलेली जमीन उन्हाळ्यात किती खोल वितळते, हे शेजारी शेजारी मांडून बघायचं. त्यासाठी लागणारं जवळपास सगळं फुकट मिळतं, आणि ज्याच्याकडे संशोधनासाठी वेगळा पैसा नाही त्याला ही केवढी मोठी गोष्ट आहे हे मी विसरत नाही. एनएसआयडीसी (अमेरिकेचं हिम-बर्फाचं डेटा केंद्र), आर्क्टिक डेटा सेंटर, पॅन्जिया, स्वालबार्डचं सिऑस, कॅनडाचं पोलर डेटा कॅटलॉग ही असा डेटा साठवून सगळ्यांना देणारी केंद्रं; कोणाकडे काय मिळतं हे इथे सांगत बसत नाही.

सुरुवातीला मी या साइट्सना सर्चवरून गुण देत होते. आता सर्चला तेवढी किंमत देत नाही, पण दोन गोष्टी सांगते, कारण त्यांत लोकांचे तासच्या तास जातात. पहिली, नकाशावर चौकोन ओढून शोधणं. चुक्ची समुद्र १८० अंश रेखावृत्ताच्या दोन्ही बाजूंना पसरलाय, रँगेल बेटातून तर ते रेखावृत्त आरपार जातं. चौकोनाची एक कड १७० पूर्व आणि दुसरी १६० पश्चिम अशी द्या, की काही साइट्स दोन्ही आकड्यांची अदलाबदल करतात आणि हवा तो पट्टा सोडून उरलेली सगळी पृथ्वी निवडतात. निकाल हजारोंनी येतात आणि त्यांत आपल्या कामाचं काहीच नसतं. उपाय साधा आहे: १८० अंशांवर चौकोनाचे दोन तुकडे करा आणि दोनदा शोधा. ध्रुवाजवळ तर चौकोनाचा नाद सोडून फक्त किमान अक्षांश द्यावा.

दुसरी, गावांची नावं. बॅरो हे गाव २०१६ मध्ये मतदानाने उत्कियाग्विक झालं. जुने डेटासेट जुन्या नावाखाली, नवे नव्या नावाखाली, आणि दोन्ही नावं लिहिणारे थोडेच. ग्रीनलंडमध्ये याकोब्सहाव्न आणि इलुलिसातचंही तेच. दोन्ही नावांनी शोधा, मग नाव काढून नुसत्या अक्षांश-रेखांशांवर शोधा. गूगलचं डेटासेट सर्च पहिल्या चाचपणीला बरं आहे, पण तिथे एकच डेटासेट अनेकदा दिसतो, कारण एका केंद्राच्या नोंदी दुसरे कॅटलॉगही उचलून दाखवतात. डाउनलोड आणि संदर्भ दोन्ही मूळ केंद्राचेच घ्या.

आता माझ्या मुख्य मुद्द्यावर येते: व्हर्जन. डेटा केंद्र चांगलं की वाईट हे मी आता या एकाच गोष्टीवरून ठरवते. कोणाला ते अती वाटेल, मला वाटत नाही.

एनएसआयडीसीचा सी आइस इंडेक्स घ्या. आर्क्टिकचं बर्फ किती उरलं हे सांगणाऱ्या बातम्यांत वारंवार येणारे आकडे तिथलेच. २०१२ च्या सप्टेंबरमधला नीचांक त्या वर्षीच्या बातम्यांत ३४.१ लाख चौरस किलोमीटर होता, पुढच्या वर्षांच्या तक्त्यांत तो ३३.९ लाख झाला. यात लबाडी काही नाही, जुन्या नोंदींवर पुन्हा प्रक्रिया झाली की आकडे थोडे हलतात. २०१७ मध्ये तिसरं व्हर्जन आलं तेव्हा महिन्याची सरासरी काढण्याची रीतच बदलली. आधी महिन्याभराच्या बर्फाच्या घनतेची सरासरी काढून त्यावरून विस्तार मोजत, नंतर रोजच्या विस्तारांची सरासरी घेऊ लागले. उपग्रह तेच, बर्फही तेच, तरी महिन्याचे आकडे वेगळे. आता एखाद्याने आपल्या लेखात नुसतं ‘स्रोत: एनएसआयडीसी’ लिहिलं, तर त्याने कुठला आकडा वापरला हे कोणी सांगू शकत नाही.

याच डेटात विस्तार आणि क्षेत्रफळ असे दोन वेगळे रकाने आहेत, तिथेही लक्ष द्यायला हवं. विस्तार मोजताना नकाशाच्या ज्या छोट्या चौकटीत किमान १५ टक्के बर्फ आहे ती पूर्ण धरतात. क्षेत्रफळात जेवढं बर्फ तेवढंच धरतात. उपग्रह ध्रुवाच्या अगदी वरून जात नसल्याने मध्ये एक गोल कोरा राहतो. विस्तारात तो गोल बर्फाने भरलेला मानतात, क्षेत्रफळात तो सोडून देतात. १९७८ ते १९८७ च्या उपकरणाच्या वेळी हा गोल ११.९ लाख चौरस किलोमीटरचा होता, मग २००७ अखेरपर्यंत ३.१ लाखांचा आणि २००८ पासून जेमतेम २९ हजारांचा. क्षेत्रफळाचा सलग आलेख काढला की १९८७ ला आणि २००८ ला रेषा वर उडी घेते, आणि ती उडी बर्फाची नसून गोल लहान झाल्याची असते. हे सगळं त्यांच्या माहितीपत्रकात स्वच्छ लिहिलेलं आहे. आकड्यांची फाइल उतरवताना ते माहितीपत्रकही उतरवून शेजारी ठेवा.

डिसेंबर १९८७ ची ओळ आवर्जून उघडून बघा. तिथे उणे ९९९९ दिसेल. डिसेंबर १९८७ च्या सुरुवातीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत उपग्रहाच्या नोंदीच नाहीत, म्हणून त्या दोन महिन्यांना हा खुणेचा आकडा दिलाय. सॉफ्टवेअरला हे सांगितलं नाही तर ते इमानदारीने उणे ९९९९ ची सरासरी काढून देतं. रिकामी जागा न सोडता ठरलेली खूण टाकणं हे मला या फाइलमधलं सगळ्यात प्रामाणिक काम वाटतं.

व्हर्जनच्या बाबतीत मला सगळ्यात आवडलं ते आर्क्टिक डेटा सेंटर. डेटासेट बदलला की नव्या व्हर्जनला नवा डीओआय (कायमचा ओळख क्रमांक) मिळतो, आणि जुनं पान उघडलं तर वर ठळक सूचना येते की याचं नवं व्हर्जन आलंय. जुनं पान पुसत नाहीत. म्हणजे कुणाच्या जुन्या निबंधातला आकडा तपासायचा असेल तर त्याने वापरलेलीच फाइल आजही हाती लागते. पॅन्जियाची गोष्ट वेगळी. तिथली साधी मजकूर फाइल उघडली की माथ्यावरच संदर्भ, मोजमापाची जागा, उपकरण, एकक सगळं लिहिलेलं असतं, आकडे त्याखाली सुरू होतात. फाइल कोणी मेलने पाठवली, पेनड्राइव्हवर दिली, नाव बदललं, तरी डेटा कोणाचा हे तिच्याबरोबरच राहतं. पोलारश्टेर्न जहाज २०१९ च्या शरदात बर्फात अडकवून वर्षभर वाहू दिलं त्या मोझेक मोहिमेचा बराच डेटा तिथे आहे. त्या मोहिमेने १ जानेवारी २०२३ पासून डेटा सगळ्यांना खुला होईल अशी तारीखच आधी ठरवून टाकली होती. थांबायला माझी हरकत नाही, पण थांबणं किती ते कळायला हवं. ‘योग्य विनंती केल्यास डेटा मिळेल’ या निबंधांतल्या वाक्याला अशी तारीख नसते, आणि म्हणून मी ते वाक्य वाचलं की तो डेटा नाही असंच धरते.

इथवर लिहून ठेवलं होतं, तेवढ्यात त्या हेल्पडेस्ककडून फाइल आली. आनंद झाला, पण थोडाच वेळ टिकला. निबंधात जितक्या नोंदी वापरल्याचं म्हटलंय त्याहून या फाइलमध्ये कमी नोंदी आहेत. व्हर्जन नाही, तारीख नाही, कोणत्या नोंदी का वगळल्या याचा एक शब्द नाही. विचारलं तर म्हणाले, ‘आमच्याकडे हीच आहे.’ माणसं वाईट नाहीत, कोणीतरी शोधून पाठवली हे मी मानते. पण मी हा डेटा वापरणार नाही. ज्याचा संदर्भ मला नीट देता येत नाही त्याच्यावर आलेख काढून लोकांना दाखवणं मला जमणार नाही.

डेटा देण्याबद्दल मात्र माझं मत पार बदललं. समुद्रबर्फाची आणि वितळणाऱ्या जमिनीची अशा दोन्ही मालिका जुळवून केलेला माझा छोटा डेटासेट एका केंद्रात ठेवायचा ठरवला, तेव्हा अपलोड केलं की झालं अशी माझी समजूत होती. तिथल्या तपासणाऱ्यांचे मेल यायला लागले. या रकान्यातली खोली सेंटिमीटरमध्ये की मीटरमध्ये? वेळ स्थानिक की यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ)? उपकरण बसवलंच नव्हतं ते दिवस आणि बसवून बंद पडलं ते दिवस, दोन्हींना एकच खूण का? पहिल्या मेलला मी वैतागले. शेवटच्या प्रश्नावर मात्र थांबले, कारण तो प्रश्न माझ्या डेटाची खरोखर काळजी असलेल्या माणसाचा होता. दोन वेगळ्या खुणा दिल्या, रकान्यांची यादी पुन्हा लिहिली, ऑर्किड हा संशोधकाचा ओळख क्रमांक जोडला, परवाना सीसी बाय, म्हणजे श्रेय देऊन वापरा असा, निवडला. आता तो डेटासेट मला न विचारता कोणालाही वापरता येईल. ही सेवाही फुकट आहे, आणि तिच्यासाठी कोणाचा तरी पगार चालू राहायला हवा असं मी आता मनापासून म्हणते.

संदर्भ देण्याचा कंटाळा करणाऱ्यांनी एक गोष्ट जवळून बघावी. वितळणाऱ्या थराची खोली मोजणाऱ्या काल्म या जाळ्यातली एखादी फाइल उघडा. वर्ष आणि खोलीचा आकडा, बास. तो एक आकडा म्हणजे ११ बाय ११ अशा आखलेल्या जाळीतल्या १२१ जागांवर उन्हाळ्याच्या अखेरीला ओल्या टुंड्रातून चालत जाऊन, धातूची सळई जमिनीत दाबून, ती गोठलेल्या थराला कुठे टेकते ते वाचून काढलेली सरासरी. पुढच्या वर्षी पुन्हा त्याच जागा. हे करणाऱ्यांचं नाव, वर्ष, डेटासेटचं शीर्षक, व्हर्जन, केंद्र, डीओआय आणि आपण फाइल कधी उतरवली ती तारीख, एवढं एका ओळीत बसतं. आणि ही ओळ संदर्भसूचीतच हवी. आभारप्रदर्शनात टाकलेलं नाव संदर्भ मोजणाऱ्या यंत्रणांना दिसत नाही, आणि मग पुढच्या वर्षी सळई घेऊन जायला पैसे मागताना त्या लोकांच्या हातात दाखवायला काही उरत नाही.

सगळा डेटा सरसकट खुला असावा, हेही माझं पूर्वीचं मत. एनएसआयडीसीशी जोडलेल्या एलोका या उपक्रमात फिरल्यावर ते टिकलं नाही. तिथे आर्क्टिकमधल्या लोकांची निरीक्षणं आणि ज्ञान त्यांच्याबरोबर बसून नोंदवलं जातं, आणि काय सगळ्यांसमोर ठेवायचं, काय नाही हे त्या लोकांच्या संमतीने ठरतं. शिकारीच्या जागा किंवा बर्फावरच्या वाटांचे नकाशे हे त्यांचं जगणं आहे, माझ्या आलेखासाठीचा कच्चा माल नाही. डेटा सापडावा, मिळावा, जुळावा, पुन्हा वापरता यावा ही २०१६ ची फेअर तत्त्वं सगळे सांगतात. मूळ रहिवाशांच्या डेटावर हक्क त्यांचा, हे सांगणारी २०१९ ची केअर तत्त्वं तितक्या वेळा ऐकू येत नाहीत. अशा डेटाचा संदर्भ देताना केंद्र सांगेल त्याप्रमाणे त्या समाजाचं नाव लेखक म्हणून लिहावं.

खर्चाचं थोडक्यात. डेटा फुकट असला तरी इंटरनेट फुकट नसतं. एका किनाऱ्याच्या पट्ट्यासाठी अख्ख्या उत्तर गोलार्धाच्या फाइली उतरवू नका. जिथे ओपेनडॅप किंवा अर्डॅप ही डेटाचा तुकडा मागण्याची सोय असेल तिथे हवा तेवढाच भाग आणि हवी तेवढीच वर्षं मागता येतात. ही सोय साइटवर बहुधा कोपऱ्यात असते, शोधा.

आणि प्रत काढून ठेवा. मे २०२५ मध्ये नोआ या अमेरिकेच्या हवामान आणि समुद्र संस्थेने बर्फाच्या कित्येक डेटासेटना दिला जाणारा आधार काढून घेतला. सी आइस इंडेक्सही त्यात होता: डेटा उपलब्ध राहील, पण देखभाल, भर आणि मदत यांची हमी नाही. त्याच उन्हाळ्यात अमेरिकेच्या संरक्षण खात्याने आपल्या उपग्रहांचा जो डेटा या मालिकेचा कणा आहे तो देणं थांबवत असल्याचं जाहीर केलं, मग मुदत पुढे ढकलली, आणि एनएसआयडीसीला जपानी उपग्रहावरच्या एएमएसआर२ या उपकरणाकडे वळायची तयारी करावी लागली. १९७८ पासून चालत आलेली मालिका अशी एका सूचनेवर लटकताना बघून मी हादरले. तेव्हापासून वापरलेली प्रत्येक फाइल, तिचं माहितीपत्रक, व्हर्जन आणि चेकसम (फाइल बदलली नाही ना हे तपासायचा आकडा) मी एकाच फोल्डरमध्ये ठेवते. तुमच्या आलेखात २०२५ नंतरचे आकडे येणार असतील, तर ते कोणत्या उपग्रहावरचे आहेत हे आलेखाखालीच लिहा.