काकांच्या चौकटी आणि जँगोचे फॉर्म

लहानपणी सुट्टीत मी गिरगावातल्या ज्या वाचनालयात दिवस दिवस बसायचे, तिथल्या उन्हाळी शिबिराची ऑनलाइन नोंदणी यंदा मी करून दिली. त्यासाठी जँगो वापरलं. हे पायथन या प्रोग्रामिंग भाषेतलं फुकट मिळणारं वेब फ्रेमवर्क, म्हणजे वेबसाइट बांधायचा तयार सांगाडा. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात, लॉरेन्स गावच्या एका वृत्तपत्रात ते तयार झालं आणि 2005 साली सगळ्यांसाठी खुलं झालं. नोकरीत मी ते रोज वापरते, पण तिथे फॉर्मच्या चौकटी जँगोच काढून देतं. वाचनालयात तसं चालणार नव्हतं.

शिबिराचा छापील अर्ज कित्येक वर्षं एकाच मांडणीचा आहे. आधी आडनाव, मग मुलाचं नाव, मग वडिलांचं किंवा आईचं, आणि जन्मतारखेला तीन वेगळ्या चौकटी. काउंटरवरचे काका प्रत्येक अर्ज वहीत उतरवतात आणि त्यांचा हात त्याच क्रमाने चालतो. "पोरी, चौकटी हलवू नकोस, बाकी तुला हवं ते कर," एवढीच त्यांची अट होती. मला ती रास्त वाटली. मग एचटीएमएल, म्हणजे पानाची मांडणी सांगणारा कोड, सगळं हाताने लिहिलं आणि जँगोकडे फक्त तपासणी सोपवली.

हे जोडकाम इतकं सरळ असेल असं मला वाटलं नव्हतं. एचटीएमएल तुमच्या फॉर्म क्लासमधून (अर्जातली फील्ड, म्हणजे रकाने, आणि त्यांचे नियम सांगणारा पायथन कोड) निघालंय की हाताने लिहिलंय, याच्याशी जँगोला काहीही देणंघेणं नाही. एचटीएमएलमध्ये चौकटीला दिलेलं 'नेम' आणि क्लासमधल्या फील्डचं नाव अक्षरन् अक्षर जुळलं की झालं. ब्राउझरने 'पोस्ट' करून पाठवलेला मजकूर फॉर्मला द्यायचा, 'इज व्हॅलिड' (सगळं नियमात आहे ना?) विचारायचं आणि 'क्लीन्ड डेटा'मधून स्वच्छ माहिती उचलायची. फॉर्मच्या टॅगमध्ये सीएसआरएफ टोकनची, म्हणजे अर्ज आपल्याच पानावरून आलाय ही खूण पटवणारी, ओळ मात्र स्वतः घालावी लागते. ती राहिली की सर्व्हर 403, म्हणजे 'परवानगी नाही', असं उत्तर देऊन अर्ज परत पाठवतो.

तारखेच्या तीन चौकटींवर माझी एक अख्खी संध्याकाळ गेली, पण जँगो मला सर्वात आवडलं ते तिथेच. एकच चौकट ठेवून लोकांना 05/03/2016 लिहू दिलं असतं, तर मूळच्या अमेरिकी सेटिंगप्रमाणे ती 3 मे झाली असती, तीही बिनबोभाट. 25/03/2016 लिहिणाऱ्याला मात्र 'तारीख चुकीची' असं उत्तर मिळालं असतं. जँगोत 'सिलेक्ट डेट विजेट' नावाचा प्रकार आहे. तो एरवी तीन ड्रॉपडाउन, म्हणजे उघडून निवडायच्या याद्या, काढतो. त्याचा कोड वाचल्यावर कळलं की परत आलेल्या माहितीत तो फक्त तीन नावं शोधतो: फील्डच्या नावापुढे अंडरस्कोर (_) आणि डे, मंथ, इयर. माझ्या साध्या चौकटींना मी तीच नावं दिली आणि तारखा बरोबर जुळून आल्या. कोणी 31 फेब्रुवारी लिहिलं तर तो अडवतो. वय 8 ते 14 मध्ये बसतं का, हे मात्र वेगळी 'क्लीन' पद्धत लिहून मी तपासते.

आता मला भोवलेली गोष्ट. अर्जात 'शेंगदाण्याची ॲलर्जी आहे' अशी टिक करायची चौकट आहे. टिक नसलेली चौकट ब्राउझर पाठवतच नाही. आणि जँगोचं बूलियन, म्हणजे हो-नाहीचं, फील्ड, 'रिक्वायर्ड' बंद केलं नाही तर, टिक सक्तीची मानतं. ते बंद करायला मी विसरले. म्हणजे ज्या मुलाला ॲलर्जी नाही, त्याचा अर्ज स्वीकारलाच जात नव्हता. त्यात त्या चौकटीखाली चूक दाखवायची ओळ मी लिहिलेली नव्हती, त्यामुळे पान नुसतंच परत उघडायचं. एका आईने चार वेळा अर्ज भरला आणि शेवटी काकांना फोन केला. मला फार वाईट वाटलं. चुकून कोणी खोटी टिक केली असती तर काय, हा विचार अजून जात नाही.

हाताने फॉर्म लिहिणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे: प्रत्येक चौकटीखाली तिची चूक छापा आणि फॉर्मच्या माथ्यावर 'नॉन फील्ड एरर्स', म्हणजे कुठल्याही एका चौकटीच्या नसलेल्या चुका, छापा. भरलेला मजकूर परत चौकटीत घालणंही आपल्याकडेच येतं, नाहीतर माणसाला सगळं पुन्हा लिहावं लागतं. जँगोच्या डिसेंबर 2023 मधल्या 5.0 आवृत्तीपासून लेबल, चौकट आणि चूक एका 'फील्ड ग्रुप'मध्ये येतात आणि त्याचा साचा आपण बदलू शकतो. साध्या चौकटी मी आता त्यावरच नेल्या आहेत.

आपल्या लिपीशी जँगोचं चांगलं जमतं. वयाच्या रकान्यात '१२' आलं तरी इंटिजर (पूर्णांकाचं) फील्ड त्याचं 12 करतं. फोन नंबरला मात्र मी 'दहा अंक' असा रेग्युलर एक्स्प्रेशनचा, म्हणजे मजकुराचा साचा तपासणारा, नियम लावला होता. पायथन देवनागरी अंकांनाही अंकच मानतं, म्हणून मराठी कीबोर्डवरून भरलेला नंबर तसाच साठला आणि एसएमएस जाईना. आता नंबर साठवण्याआधी अंक बदलून घेते.

जँगोला माझ्याकडून पाचपैकी साडेचार तारे. अर्धा कापला तो टिकच्या चौकटीसाठी. तिथे चूक माझीच होती, पण 'हो किंवा नाही' विचारणारं फील्ड मुळात सक्तीचं असावं, हे मला पटत नाही.

मुलाचा फोटो जोडणं बाकी आहे. त्यासाठी फॉर्मला 'मल्टिपार्ट' (फाइल पाठवता येईल असा प्रकार) लावावं लागेल आणि फाइल्स वेगळ्या द्याव्या लागतील. शिवाय दुसऱ्या कुठल्या चौकटीत चूक निघाली तर ब्राउझर निवडलेला फोटो धरून ठेवत नाही, तो पुन्हा निवडावा लागतो. मला वाटतं, अर्ज मंजूर झाल्यावर फोटोचं वेगळं पान द्यावं. रविवारी मुलुंडहून दादरला गाडी बदलून चर्नी रोडला उतरेन, तेव्हा काकांना विचारते.