फिंचच्या कॉलनीत एक पक्षी फुगून बसला, तर: पावडर, डॉक्टर की वाट पाहणं?

फिंच, म्हणजे पिंजऱ्यात पाळतात तो दाणे खाणारा इवलासा पक्षी, आजार लपवतो. अंगात त्राण आहे तोवर तो दांडीवर ताठ बसतो, इतरांबरोबर खाली उतरतो, दाणे उचलतो, सोलतो आणि न गिळताच टाकतो. लांबून बघणाऱ्याला वाटतं, खातोय की. ज्या दिवशी तो पिसं फुलवून, डोळे मिटून, भरदुपारी पेंगताना दिसतो त्या दिवशी आजार बराच पुढे गेलेला असतो. झेब्रा फिंचचं वजन जेमतेम 12 ग्रॅम, गोल्डियन फिंचचं 15च्या आसपास. एवढ्याशा शरीरात साठा कसला? एक दिवस पोटात काही गेलं नाही तरी तो दगावू शकतो.

म्हणून मुंबईत फिंच पाळणाऱ्याला निर्णय काही तासांत घ्यावा लागतो. दुकानातून अँटिबायोटिकची पावडर आणून पाण्यात घालायची? गल्लीतल्या कुत्र्या-मांजरांच्या डॉक्टरांकडे न्यायचं? लांब असले तरी पक्षी बघणारे डॉक्टर गाठायचे? की वेगळं काढून वाट पाहायची? या वाटा मी इथे शेजारी शेजारी ठेवतो आहे. माझं मत आधीच सांगतो: आजार त्या एका पक्ष्याचा आहे की सगळ्या कॉलनीचा, म्हणजे एकत्र ठेवलेल्या सगळ्या पक्ष्यांचा, हे कळल्याशिवाय औषधाला हात लावू नये. आणि ते कळण्याचा सगळ्यात स्वस्त मार्ग म्हणजे विष्ठेची तपासणी.

ऊब: हा पर्याय नाही, पहिली पायरी आहे

कुठलीही वाट धरा, पक्षी वेगळ्या छोट्या पिंजऱ्यात काढून त्याला 30 अंशांच्या आसपास ऊब द्यायचीच. फिंचच्या शरीराचं तापमान 40 अंशांच्या वर असतं, आणि आजारी पक्ष्याची ताकद ते टिकवण्यातच संपते. घरातला एलईडी बल्ब यासाठी कामाचा नाही, त्याला पुरेशी उष्णता नसते. जुना पिवळा बल्ब किंवा सिरॅमिक हीटर पिंजऱ्याच्या बाहेरून, एकाच बाजूला लावा, म्हणजे नको झालं तर पक्षी सरकू शकतो. आपल्याकडे मे महिन्यात खोलीच 33 अंशांवर असते, तेव्हा थर्मामीटर ठेवल्याशिवाय काही लावू नका. चोच उघडी आणि पंख अंगापासून सुटलेले दिसले तर त्याला गरम होतंय. दाणे आणि पाणी तळाशी, तोंडासमोर ठेवा. खोलीत उदबत्ती, मच्छर अगरबत्ती नको; नॉनस्टिक तवा तापलेला तर मुळीच नको, त्याचा धूर पक्ष्यांना मिनिटांत मारतो.

नुसती ऊब देऊन वाट पाहणं कधी चालेल? पक्षी घाबरून जाळीवर आपटला आहे, प्रवासाने किंवा इतरांच्या टोचणीने दमला आहे, पण खातो आहे आणि वजन टिकून आहे, तेव्हा. वजनासाठी सोनाराकडे असतो तसा छोटा डिजिटल काटा घ्या. 12 ग्रॅममधला एक ग्रॅम गेला म्हणजे आठ टक्के गेलं, आणि ते पिसांखाली नजरेला कधीच दिसत नाही. वजन उतरत असेल तर वाट पाहण्याचा पर्याय संपला.

मादी तळाशी फुगून बसली आहे, पोट फुगलं आहे, जोर लावते आहे, म्हणजे अंडं अडकलेलं असू शकतं. ती मादी त्याच दिवशी डॉक्टरांकडे गेली पाहिजे.

पाण्यातली पावडर की विष्ठेची तपासणी

पावडरीच्या बाजूने एक गोष्ट खरी आहे: ती लगेच मिळते आणि पक्षी पकडावा लागत नाही. क्रॉफर्ड मार्केटमध्ये किंवा उपनगरातल्या कुठल्याही पक्ष्यांच्या दुकानात लक्षणं सांगितली की पुडी हातात पडते. पण तिच्या विरोधातली यादी लांब आहे.

झेब्रा फिंच मूळचा ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या प्रदेशातला. प्रयोगशाळेत तो नुसत्या कोरड्या दाण्यावर, पाण्याविना महिनोनमहिने जगल्याच्या नोंदी आहेत. अशा पक्ष्याला पाण्यातून औषध द्यायचं, तेही पाणी कडू झाल्यावर आणि तो आजारी असताना, म्हणजे ज्याला सर्वात जास्त गरज त्याच्याच पोटात सर्वात कमी औषध जाणार. निरोगी पक्षी मात्र ते पीत राहतात. त्यात टेट्रासायक्लिन गटातली औषधं, उदाहरणार्थ डॉक्सिसायक्लिन, कॅल्शियमशी बांधली जातात. पिंजऱ्यात कॅल्शियमसाठी समुद्रफेस लटकत असेल तर दिलेलं औषध बरंचसं वाया जातं. हे पुडी देताना सहसा कोणी सांगत नाही.

आणि मूळ मुद्दा: अँटिबायोटिक जिवाणूंवर चालतं. फिंचच्या कॉलनीत वारंवार दिसणारे आजार बऱ्याचदा जिवाणूंचे नसतातच. कॉक्सिडिया हा एकपेशीय परजीवी आहे, त्याला टोलट्राझुरिलसारखं वेगळं औषध लागतं. ज्याला पक्षीवाले अजून मेगाबॅक्टेरिया म्हणतात तो मॅक्रोऱ्हॅब्डस प्रत्यक्षात यीस्ट आहे, म्हणजे बुरशीवर्गातला. पक्षी दिवसभर खाताना दिसतो तरी छातीचं हाड सुरीसारखं वर येतं, विष्ठेत अख्खे दाणे पडतात. त्यावर ॲम्फोटेरिसिन बी हे बुरशीविरोधी औषध वापरतात. अँटिबायोटिकने त्याचं काही बिघडत नाही, उलट आतड्यातले चांगले जिवाणू मरून बुरशीला रान मोकळं होतं. श्वासनलिकेत राहणाऱ्या माइट्सनाही, म्हणजे बारीक किड्यांनाही, या पावडरीने फरक पडत नाही.

विष्ठेच्या तपासणीत पक्ष्याला टोचायचं काही नसतं. 12 ग्रॅमच्या पक्ष्यातून रक्त काढायला वाव फारच थोडा, त्यामुळे विष्ठा हाच आपला मुख्य पुरावा. पिंजऱ्याच्या तळाशी बटर पेपर घाला आणि स्वच्छ डबीत ताजा नमुना घ्या. वेळेला इथे महत्त्व आहे: फिंचसारख्या पक्ष्यांमध्ये कॉक्सिडियाची अंडकोशिका विष्ठेतून मुख्यतः दुपार ढळल्यावर बाहेर पडते. सकाळी सातचा नमुना स्वच्छ आला म्हणून निश्चिंत होऊ नका. कॉक्लोसोमासारखे हलणारे परजीवी मात्र नमुना थंड पडला, सुकला की ओळखू येत नाहीत; त्यासाठी पक्षीच डॉक्टरांकडे न्यावा आणि तिथे पडलेली विष्ठा तिथल्या तिथे सूक्ष्मदर्शकाखाली घालून घ्यावी. एकदा काही सापडलं नाही तर दोन-तीन दिवसांचे नमुने एकत्र द्या. गोल्डियनच्या एका जोडीच्या किमतीपुढे हा खर्च किरकोळ आहे.

जवळचे डॉक्टर की पक्ष्यांचे डॉक्टर

जवळचे डॉक्टर दहा मिनिटांवर असतात, आणि विरारहून किंवा बदलापूरहून परळच्या प्राण्यांच्या रुग्णालयात जाताना लोकलच्या गर्दीत पक्षी आणखी खचतो, हे मला मान्य आहे. तरी इथे मी अंतरापेक्षा डोसाला महत्त्व देतो. एखाद्या औषधाचा डोस किलोमागे 10 मिलिग्रॅम असेल तर झेब्राला 0.12 मिलिग्रॅम बसतो. 100 मिलिग्रॅमच्या गोळीत असे आठशेहून जास्त डोस असतात. ही विभागणी रोज करणारा हात वेगळा. आयव्हरमेक्टिनचं गुरांसाठीचं 1 टक्क्याचं इंजेक्शन 50 किलो वजनाला 1 मिली या हिशेबाचं असतं. त्याचा एक थेंब म्हणजे अडीच किलोच्या जनावराचा डोस. तोच थेंब फिंचच्या मानेवर टाका असा सल्ला कोणी दिला, तर पक्षी उचला आणि निघा.

जवळच्या डॉक्टरांना दोन प्रश्न विचारा: फिंचएवढे छोटे पक्षी तुम्ही बघता का, आणि विष्ठा इथेच सूक्ष्मदर्शकाखाली बघाल का? दोन्हींना हो असेल तर दूर जायचं कारण नाही. नाही तर परळकडे पाहा. तिथे बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय आहे, आणि 1886 साली सुरू झालेलं मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयही. निघण्यापूर्वी फोन करून पक्षी बघणारे डॉक्टर कोणत्या वेळी असतात ते विचारा. प्रवासासाठी बुटाच्या खोक्याएवढा, हवेला भोकं असलेला, काळोखी डबा पुरतो. गर्दीची वेळ टाळा. टॅक्सीत एसीचा झोत त्याच्यावर येऊ देऊ नका.

एक अडचण स्पष्ट बोलायला हवी. लाल मुनियासारखे देशी पक्षी पाळणं 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे. कोणी असा पक्षी भेट दिला असेल आणि तो आजारी असेल, तरी भीतीपोटी उपचार टाळून त्याला मरू देऊ नका. पक्षी बचाव करणाऱ्यांच्या किंवा वनखात्याच्या हवाली करा.

एकाला औषध की सगळ्यांना

याचं उत्तर आजारागणिक बदलतं, म्हणून निदान आधी हवं. पाय मोडला, अंडं अडकलं, तर एकालाच. अशा पक्ष्याचा पिंजरा कॉलनीजवळ ठेवा. फिंच एकटा पडला की खाणं सोडतो, इतरांचे आवाज त्याला धीर देतात.

कॉक्सिडिया असेल तर सगळ्यांना, कारण तळाशी पडलेले दाणे सगळेच टिपतात. पावसाळ्यात मुंबईची दमट हवा या परजीवीला मानवते. औषध चालू असताना तळ रोज बदलला नाही, कोरडा ठेवला नाही, तर औषध थांबताच तेच पुन्हा सुरू होतं. याच दिवसांत कांगणीला, म्हणजे राळ्याच्या दाण्याला, बुरशी धरते, तेव्हा पोतं भरून दाणा घेण्यापेक्षा थोडा थोडा घ्यावा.

श्वासनलिकेत माइट असतील तर रात्री दिवे मालवल्यावर पिंजऱ्याजवळ कान द्या. बारीक टिक् टिक् असा आवाज येतो, श्वासागणिक शेपूट वरखाली होते, गाणारा नर गाणं सोडतो. गोल्डियनमध्ये हे विशेष दिसतं. पिल्लांना भरवताना माइट पिढीतून पिढीत जातात, म्हणून लक्षण एकातच असलं तरी औषध सगळ्यांनाच द्यायचं, आणि डॉक्टर सांगतील त्या अंतराने पुन्हा द्यायचं. लक्षणं थांबली म्हणून दुसरा डोस गाळू नका.

कॉक्लोसोमाचं गणित सगळ्यांत फसवं. गोल्डियनची अंडी बेंगलीज या दुसऱ्या जातीच्या फिंचखाली उबवायला ठेवायची पद्धत आपल्या ब्रीडर मंडळींत रुळलेली आहे. बेंगलीज स्वतः धडधाकट राहून हा परजीवी बाळगू शकतो आणि दत्तक पिल्लांना देतो. पिल्लं घरट्याच्या मडक्यातून बाहेर पडायच्या सुमारास एकामागून एक मरतात. इथे मरणाऱ्या पिल्लांवर औषध घालण्यापेक्षा निरोगी दिसणाऱ्या पालकांची विष्ठा तपासणं जास्त उपयोगाचं.

आणि पक्षी दगावलाच, तर बहुतेक घरांत तो कुंडीत पुरला जातो. त्यामागची माया मी समजू शकतो. पण कॉलनीत दुसरेही पक्षी असतील तर शवविच्छेदन करून घ्यावं असं मला कळकळीने वाटतं, कारण जिवंतपणी न दिसलेलं कारण तेव्हा उघड्यावर येतं. पक्षी प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, अन्नापासून दूर ठेवा. बर्फाच्या कप्प्यात ठेवलं तर पेशी फुटतात आणि तपासणाऱ्याला काही वाचता येत नाही. 24 तासांच्या आत पोचवा. एकदम बरेच पक्षी मेले असतील तर मात्र ते हाताळत बसू नका, आधी पशुसंवर्धन विभागाला कळवा.