बीएनपी की एनटी-प्रोबीएनपी?

घोडबंदर रस्त्यावर राहणाऱ्या माझ्या मावसबहिणीच्या चार वर्षांच्या मुलीला फुप्फुसांच्या धमन्यांतील उच्च रक्तदाबाचा विकार आहे आणि पाठपुराव्यासाठी या दोहोंपैकी कोणती रक्तचाचणी करावी, असा प्रश्न तिला पडला आहे. हृदयाच्या स्नायूवर ताण आला की एकाच मूळ प्रथिनाचे हे दोन तुकडे रक्तात उतरतात. म्हणजे दोन्ही चाचण्या ताण सांगतात, निदान करत नाहीत. निदानासाठी इकोकार्डिओग्राफी (हृदयाची सोनोग्राफी) आणि खात्रीसाठी कॅथेटर तपासणीच (रक्तवाहिनीतून बारीक नळी घालून आतला दाब मोजणे) लागते.

खरा फरक टिकाऊपणात आहे. बीएनपी शरीरात सुमारे २० मिनिटांत निम्मे होते आणि नमुन्याच्या नळीतही लवकर विघटित होते. म्हणून जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए (रक्त गोठू न देणारे रसायन) नळीतले रक्त काही तासांतच तपासावे लागते. एनटी-प्रोबीएनपी बरेच अधिक टिकते, त्यामुळे घरी घेतलेला नमुना ठाण्याच्या वाहतूक कोंडीतून दूरच्या प्रयोगशाळेत पोहोचला तरी आकडा सहसा बिघडत नाही. इवल्याशा हाताला पुन्हा सुई टोचावी लागू नये, हे मला फार मोलाचे वाटते.

मूत्रपिंड मंदावले असेल तर मात्र एनटी-प्रोबीएनपी अधिक फुगते. जन्मानंतरच्या पहिल्या दिवसांत दोन्ही आकडे मुळातच चढे असतात, म्हणून ते वयानुसारच वाचावेत.

रुग्णालयातच तातडीने रक्त तपासले जात असेल किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल, तर बीएनपी सोयीचे. घरून नमुना पाठवून दीर्घकाळ पाठपुरावा करायचा असेल, तर एनटी-प्रोबीएनपी. दोहोंचे आकडे एकमेकांशी ताडून पाहता येत नाहीत, म्हणून डॉक्टरांशी बोलून जी निवडाल तीच पुढेही चालू ठेवावी.