फवारणी पंपाची बॅटरी बदलताय? लेड, १८६५० की फॉस्फेट

पोळ्याच्या आधी पऱ्हाटीवर फवारणी ऐन जोरात असते आणि नेमका तेव्हाच बॅटरी पंप अर्ध्या तासात दम टाकतो. पंप धडच असतो, गेलेली असते आतली १२ व्होल्टची बॅटरी. आमच्याकडे, हिंगणघाटच्या बाजूला, दुकानदार आता तीन प्रकार समोर ठेवतो: मूळची लेड-ॲसिड, १८६५० सेलचा (१८ मिमी जाड, ६५ मिमी लांब गोल सेल) लिथियम पॅक आणि लिथियम आयर्न फॉस्फेट, बोलताना नुसती फॉस्फेट.

लेड सगळ्यांच्या ओळखीची. ८ अँपिअर-तासाची बॅटरी सव्वादोन-अडीच किलो भरते. पाठीवर १६ लिटर पाणी असताना हे वजन दुपारी खांद्याला कळतं. मोटर ३ अँपिअर ओढते असं धरलं तर कागदावर अडीच तासांच्या वर निघतात, पण ही बॅटरी तळापर्यंत उपसली की लवकर मरते. तिचा खरा घात होतो हंगाम संपल्यावर. दिवाळीनंतर पंप कोठ्यात टांगला तो थेट आषाढात काढला, की रिकाम्या बॅटरीच्या प्लेटांवर सल्फेट घट्ट बसलेलं असतं. मग चार्जरचा हिरवा दिवा दहा मिनिटांत लागतो आणि वावरात पहिली टाकीही संपत नाही. महिन्या-दोन महिन्यांनी चार्ज करत राहा, दोन-तीन हंगाम निघतात.

१८६५० चा पॅक हलका आणि स्वस्त, म्हणून लोक त्यालाच हात घालतात. माझी भीती त्याचीच आहे. एक सेल ३.७ व्होल्टचा, भरल्यावर ४.२, तीन ओळीने जोडले की पूर्ण चार्जला १२.६ होतात. जुना लेडचा चार्जर १४.४ व्होल्ट देतो, म्हणजे सेलमागे ४.८. आत संरक्षण सर्किट, म्हणजे बीएमएस, नसेल तर सेल फुगतो, पेटतोही. मागच्या हंगामात मी असाच एक पॅक आणला आणि घरी निळी पन्नी फाडली. सेल तीन रंगांचे, एकाच्या कडेला तांबूस गंज, सर्किटचा पत्ता नाही, वायरी सरळ प्लगला. सेलवर छापलं होतं ९८०० एमएएच (मिलिअँपिअर-तास), म्हणजे ९.८ अँपिअर-तास. या आकाराचा चांगल्यात चांगला सेल ३५०० च्या आसपास असतो. सोनाराच्या काट्यावर ठेवला तर ३१ ग्रॅम भरला. अस्सल सेल ४५ च्या पुढे भरतो. पॅक परत केला.

इथे रेझिस्टन्सचं, म्हणजे करंटला होणाऱ्या अडथळ्याचं, गणित समजून घ्या. सेलचा आतला रेझिस्टन्स ०.०५ ओहम धरला, तर उंदराने कुरतडलेल्या दोन वायरी एकमेकींना टेकल्यावर ४.२ भागिले ०.०५, म्हणजे ८४ अँपिअर वाहू शकतात. वायर तिथेच लाल होते. मोटरचंही तसंच. फिरत असते तोवर ती स्वतः उलटा व्होल्टेज तयार करते, म्हणून करंट ३ अँपिअरवर राहतो. कचरा अडकून जाम झाली की फक्त वाइंडिंगचा रेझिस्टन्स उरतो. तो १ ओहम असेल तर करंट १२ वर जातो. म्हणून बॅटरी कोणतीही घ्या, मोटरवर लिहिलेल्या अँपिअरच्या दीड-दोन पटीचा फ्यूज बॅटरीजवळच बसवा.

फॉस्फेटचे सेल ३.२ व्होल्टचे, चार मिळून १२.८, त्यामुळे लेडच्या जागी मोटरला चालतात. ६ अँपिअर-तासाची बॅटरी जवळपास पूर्ण वापरता येते, म्हणून ८ च्या लेडइतकं काम देते आणि वजन साधारण किलोभर. तापल्यावर पेटायची हद्द १८६५० पेक्षा बरीच वर. भरण-उपसण लेडची काहीशे वेळा, हिची हजाराच्या वर. मात्र महाग, आणि १४.६ व्होल्टचा तिचाच चार्जर हवा.

दहा-बारा एकर स्वतः फवारत असाल तर फॉस्फेटच घ्या. दोन एकर असेल आणि अधूनमधून चार्ज करायचं भान राहत असेल, तर लेड पुरते. १८६५० घ्यायचाच तर कंपनीचा बंद पॅक, बीएमएस आणि जोडीचा चार्जर असलेला.

लाईन रात्री येते म्हणून पंप कोठ्यात, तुराट्यांच्या गंजीला टेकवून चार्जिंगला लावून झोपू नका. लिथियमवाला तर मोकळ्या फरशीवर आणि घरचे जागे असतानाच. फवारून आणल्यावर गरम असेल तर आधी तासभर सावलीत ठेवा. ४५ अंशांच्या वर लिथियम चार्ज करायची नसते. आणि दुकानातून निघण्याआधी व्होल्टेज मोजायचा मल्टिमीटर मागा: भरलेली फॉस्फेट जराशी निवल्यावर १३.३ व्होल्टच्या आसपास दाखवते. मीटर लावू देत नसेल त्या दुकानातून लिथियम घेऊ नका.