एलपी, सीडी की स्ट्रीमिंग? जुने अल्बम घ्यायचे तर कशावर

जुन्या रॉक-जॅझचा नाद लागला की हा प्रश्न येतोच. माझ्याकडे तिन्ही आहेत (घरचे याला कलेक्शन नाही, पसारा म्हणतात), तर जे कळलंय ते सांगतो.

एलपी, म्हणजे मोठी लाँग-प्ले तबकडी, आली १९४८ साली. त्याआधीच्या, मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकडीवर एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावायची, गाणी तेवढीच असायची ती त्यामुळेच, आणि अशा सुट्ट्या तबकड्या फोटोच्या अल्बमसारख्या जाड पुस्तकात घालून विकायचे, 'अल्बम' शब्द तिथून आलाय. एलपीनं बाजूला वीस-बावीस मिनिटं दिली. पण सुई जसजशी मध्याकडे जाते तसतसा घेर लहान होतो, फिरण्याचा वेग तोच, म्हणजे तेवढ्याच सेकंदाला खाच कमी मिळते आणि आवाज फिसकटायला लागतो. माझ्या एका रेकॉर्डवर शेवटच्या गाण्यात बाई 'स' म्हणाल्या की कुणीतरी कागद टरकावल्यासारखं वाजतं. सुई बदलली, तरी तेच! म्हणून तर बाजूच्या शेवटी बऱ्याचदा संथ गाणं टाकायचे. आणि एलपी म्हणजे अस्सल ॲनालॉग हेही सोडा, आजच्या कितीतरी नव्या एलपी डिजिटल फाइलवरूनच कापतात.

सीडी १९८२ ची, ७४ मिनिटं, झीज नाही, करकर नाही. गोची वेगळीच झाली. नव्वदच्या दशकात जो तो आपलं गाणं दुसऱ्यापेक्षा मोठ्ठं वाजावं म्हणून हळू-मोठ्यातला फरक दाबून सगळाच आवाज वर चढवायला लागला, ते इतकं की २००८ मध्ये मेटॅलिका या मेटल बँडच्या अल्बमपेक्षा त्याच गाण्यांचं व्हिडिओ गेममधलं व्हर्जन मोकळं वाजतंय म्हणून चाहत्यांनी ऑनलाइन अर्ज केला. एकाच अल्बमची ८० च्या दशकातली सीडी आणि नंतरची रिमास्टर (नव्यानं आवाज बसवलेली) कॉम्प्युटरवर उघडून आवाजाचा आलेख बघा, पहिलीत डोंगरदऱ्या दिसतात, दुसरीत बऱ्याचदा नुसती वीट. म्हणजे भांडण एलपी विरुद्ध सीडी असं नाहीच, मास्टर (ज्या पक्क्या रेकॉर्डिंगवरून प्रती काढतात ते) कुठला हे आधी बघायचं.

स्ट्रीमिंगवर नेमकं तेच आपल्या हातात नसतं. कंपनीनं जे चढवलं ते ऐका. मी सेव्ह केलेला एक अल्बम एका सकाळी करडा पडला, म्हणजे वाजेचना, दोनेक महिन्यांनी परत आला तर कव्हर वेगळं आणि आवाज दाबलेला. बाकी नवं शोधायला याच्याइतकं सोयीचं काही नाही, ते मान्यच. १९९९ ला नॅपस्टर, म्हणजे फुकटात गाणी वाटून घ्यायची सोय, आल्यावर अमेरिकेत रेकॉर्ड कंपन्यांची कमाई पुढच्या पंधरा वर्षांत निम्म्याखाली गेली होती, ती वर काढली ती स्ट्रीमिंगनंच. कलाकाराला किती मिळतं हा वेगळा रडगाणं-विभाग, स्पॉटिफायवर २०२४ पासून वर्षात हजार वेळा वाजलं नाही तर त्या गाण्याचे पैसेच मिळत नाहीत.

मला विचाराल तर धुंडाळायला ॲप, आणि जे वीस-पंचवीस अल्बम खरंच जिवाचे झालेत ते सेकंडहँड सीडीवर, शक्यतो जुनं प्रेसिंग (जुनी छापलेली प्रत), एकदा फ्लॅकमध्ये (आवाजातलं काही न गाळणारी फाइल) रिप करून, म्हणजे कॉम्प्युटरवर उतरवून ठेवा. एलपी फक्त उठून बाजू पलटण्यात मजा वाटत असेल तरच.

बीटल्स घेणार असाल तर २००९ च्या मोनो (दोन्ही स्पीकरला एकच आवाज) सीडी बघा. त्यांच्या 'सार्जंट पेपर' अल्बमच्या मोनो मिक्सला ते स्वतः बसले होते, स्टिरिओ त्यांच्यामागे उरकलेला.